त्रेसष्ट बाहेर, दोन परत

आमच्या माळ्यावर वटवाघळं आहेत हे मला कळलं ते एका पांढऱ्या झग्यामुळे. शाळेच्या नाचासाठी बारा झगे शिवायचे होते. अकरावा इस्त्री करून हँगरला लावला, चहा घेऊन येते तर त्याच्या खांद्यावर तांदळाएवढे काळे दाणे. झटकले, तर भुगा होऊन कापडालाच फासले. वर पाहिलं. छताच्या फटीतून आणखी दोन दाणे पडले, तेही नेमके बाराव्या झग्यावर.

"उंदीर असतील," नवरा म्हणाला. तो रुग्णवाहिका चालवतो, कशाला म्हणून घाबरत नाही. शिडी लावून रुबाबात वर गेला आणि चढला त्याच्या दुप्पट वेगाने खाली आला.

वन्यजीव कार्यालयातल्या बाई आल्या. त्यांनी बॅटरीने माळा पाहिला आणि हसतच उतरल्या. "पिल्लं आहेत! अजून उडता येत नाही त्यांना. आत्ता भोक बुजवलं तर सगळी आत मरतील."

"मग कधी बुजवायचं?"

"पाच आठवड्यांनी. तोवर रोज तिन्हीसांजेला किती बाहेर पडतात ते मोजून ठेवा. आणि एक सांगू? ही किती डास खातात! खरं तर तुम्ही आभार मानायला हवेत."

आभार! मी बाईंना दारापर्यंत सोडलं आणि दार जरा जोरातच लावलं.

आता मोजायचं कोणी? नवऱ्याच्या ड्युटीला वेळ ना काळ. मी त्या वेळी एक हात मशीनवर आणि एक कुकरवर. राहिले सासरे. बाबा एके काळी बसमध्ये कंडक्टर होते. पण दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि ते भिंतीकडे तोंड करून पडले, ते पडलेच. जेवलात का, हं. गोळी घेतली का, हं. मी खुर्ची अंगणात ठेवली आणि वैतागून म्हटलं, "बाबा, एवढं एक काम करा माझं. नाहीतर मीच माळ्यावर राहायला जाते."

ते उठले, हेच मोठं. अर्ध्या तासाने आत आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"त्रेसष्ट बाहेर, दोन परत."

"परत कशी?"

"काय माहीत. काहीतरी विसरली असतील."

दोन वर्षांत एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पण कौतुक करायला सवड कुठे होती? घाण पडू नये म्हणून छताखाली बांधलेलं प्लास्टिक सुटून नेमकं भाजीच्या पातेल्यावर आलं होतं.

त्यानंतर मात्र माझा छळ दुपटीने सुरू झाला. वर वटवाघळं, खाली बाबा. खुर्ची डावीकडे हवी, उजेड डोळ्यांवर येतो. चहा बरोबर साडेसहाला हवा, नंतर दिला तर मोजणी चुकते. जेवताना तोच विषय. "आज एकोणसत्तर. पिल्लं निघायला लागली. एक तर दारातच अडखळलं, मागच्यांनी ढकललं त्याला."

"बाबा, जेवताना नको ना!"

"मग कधी सांगू? दिवसभर तुझं मशीन चालू असतं."

नवरा खाली मान घालून हसत होता. मी त्याला वाढलेली पोळी परत घेतली.

एका दुपारी त्या दोन झग्यांच्या बाह्या उसवत बसले होते. डाग निघाला नव्हता, कापड बदलणं भाग होतं. तोंडाने माझं पुटपुटणं चालूच होतं. तेवढ्यात बाहेरून बाबांचा आवाज आला. शेजारच्या न्हाव्याला ते सांगत होते, "आमच्या सुनेचं लक्ष नाही, पण परवापासून वटवाघळं दहा मिनिटं उशिरा निघतायत." आवाज खणखणीत होता, पार मागच्या सीटपर्यंत जाईल असा. माझी कात्री थांबली. हा आवाज घरातून गेला होता हे तो परत आल्यावर मला कळलं. डोळे पुसले आणि पुन्हा उसवायला लागले. झगे काही आपोआप होणार नव्हते.

पाच आठवड्यांनी बाईंनी भोकावर जाळी लावली. आतून बाहेर जाता येईल, बाहेरून आत येता येणार नाही अशी. चार संध्याकाळी बाबांनी मोजलं. पाचव्या संध्याकाळी एकही बाहेर आलं नाही. नवऱ्याने फळी ठोकली, मी माळा घासून काढला. तीन पोती घाण निघाली आणि माझी कंबर गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला खिडकीतून पाहते तर बाबा खुर्चीत बसलेले. मोजायला काहीच नव्हतं. मला वाटलं, आता पुन्हा भिंत. मी गॅस बंद केला, बटणं लावायचा सदरा घेतला आणि शेजारी पायरीवर बसले. दोन बटणं लावून झाली.

मग ते म्हणाले, "तुझी सासू पहिल्यांदा माझ्या बसमध्ये चढली ना, ती उलट्या दिशेच्या बसमध्ये चढली होती. मला माहीत होतं."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत?"

"तिसऱ्या थांब्यापर्यंत नाही."

"मग?"

"मग काय? उतरेपर्यंत भांडली."