घोट्याजवळचा तुकडा

आईच्या बायोप्सीचा रिपोर्ट तयार असल्याचा फोन आला, तेव्हा तिला जाऊन आठवडा झाला होता. ती हृदयविकाराने गेली. रिपोर्टचा आता कुणाला उपयोग नव्हता. तरी मी बाबांना म्हटलं, "डॉक्टरांकडे तुम्हीही चला." आईचं दुखणं खरं होतं, हे त्यांनी एकदा ऐकावं एवढंच मला हवं होतं.

वर्षानुवर्षं तिच्या तळपायांची आग व्हायची. बदलापूरच्या आमच्या घरात ती जेवतानाही चप्पल काढून गार फरशीवर पाय टेकवून बसे. नसांची तपासणी नॉर्मल आली आणि बाबांनी विषय संपवला. अंबरनाथच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर तारा तपासल्या होत्या. जाडी मापायच्या गेजमधून पास झालेला माल त्यांच्या लेखी निर्दोष.

"मालिनीबाई, तुम्ही पास आहात," ते म्हणायचे. "तेवढं पायांना कळवा."

आई हसायची. पुढे पुढे हसेनाशी झाली.

डॉक्टरांनी आईच्या पायातून काढलेल्या त्वचेच्या दोन तुकड्यांचे सूक्ष्मदर्शकातले फोटो समोर ठेवले. मांडीच्या तुकड्यात बारीक गडद धागे पार वरच्या थरात चढलेले दिसत होते. घोट्याजवळच्या तुकड्यात तो थर जवळजवळ रिकामा होता.

"या सगळ्यात बारीक नसा. वेदना, गरम, गार यांच्यामुळे कळतं," डॉक्टर म्हणाल्या. "या नसा पायांकडून झडत गेल्यात. अशा वेळी आग होते."

"पण आधीची तपासणी नॉर्मल होती," बाबा म्हणाले.

"ती जाड नसांची, काका. या तिच्यात दिसतच नाहीत. काकूंना खरंच त्रास होत होता."

बाबांनी घोट्याजवळच्या तुकड्याचा फोटो जवळ ओढला. मग म्हणाले, "म्हणजे गेजच चुकीचं लावलं."

डॉक्टरांना ते कळलं नसावं.

तेराव्याला गेलेल्या माणसाच्या नावाने चपला दान करतात. पुढची वाट सोपी जावी म्हणून. त्या घ्यायला आम्ही उल्हासनगरला, पाच नंबर कॅम्पातल्या चपलांच्या दुकानात गेलो. बाबा एकेका चपलेत हात घालत, अंगठ्याने तळ दाबून बघत, पट्ट्याची शिवण बोटांनी चाचपत आणि बाजूला ठेवत. काउंटरवर ढीग झाला.

"अंकल, दान में देना है ना?" दुकानदार कंटाळून म्हणाला. "कोई भी ले जाओ."

"पहननेवाली के पाँव में आग होती है," बाबा म्हणाले. "और नरम दिखाओ."