एकदा तोटीतून गेलेला माल

लेकीच्या तोंडावर बारा वाजले होते. बाप डबा घेऊन प्रयोगशाळेत आला तरी तिने मान वर केली नाही.

"जेवून घे आधी. उपाशीपोटी यंत्रसुद्धा चालत नाही."

"यंत्र चालतंय बाबा, तेच तर दुखणं आहे. चालतंय आणि मला खोटं पाडतंय."

बाप स्टुलावर टेकला. गोंदाच्या कारखान्यात तीस वर्षं त्याने बाटल्या भरायचं मशीन चालवलं होतं. बायको तिथेच, गोंद ढवळायच्या टाकीवर. तिला जाऊन सात महिने झाले होते. घर खायला उठायचं म्हणून तो रोज डबा घेऊन इथे यायचा.

टेबलावर काचेची पट्टी होती. तिच्यात एक वाट कोरलेली, आधी रुंद, मध्ये केसाएवढी अरुंद, पुढे पुन्हा रुंद. लेकीने त्याला दहादा समजावलं होतं. साधं पाणी या वाटेने निमूट जातं. पण पाण्यात लांबलचक साखळ्यांचं रसायन विरघळवलं, की ते थोडं रबरासारखं वागायला लागतं. अरुंद तोंडाशी साखळ्या ताणल्या जातात, परत आखडू बघतात, आणि तोंडाच्या अलीकडे दोन्ही कोपऱ्यांत भोवरे फिरू लागतात. त्या भोवऱ्यांवर तिचा अख्खा प्रबंध उभा होता.

सोमवारी भोवरे पडद्यावर अंगठ्याएवढे होते. आज गुरुवारी मिरीएवढे.

"उद्या दहाला परीक्षक येणार. त्यांच्यासमोर सोमवारसारखे दिसले नाहीत, तर माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, ते प्रकरणच काढून टाकायचं. चार वर्षं पाण्यात! पंप बदलला, सांधे बदलले, दिवा बदलला. आता फक्त मी राहिलेय बदलायची."

"तुला बदलून देणार नाहीत. पावती हरवलीय."

लेक हसली, अगदी थोडी. मग तिने वाटेतून बाहेर आलेलं द्रावण गाळलं आणि पुन्हा पंपाला जोडलेल्या बाटलीत ओतायला घेतलं.

"थांब! हे काय करतेस?"

"तेच परत वापरतेय. रोजच वापरते. स्वच्छ गाळून घेते, बाबा."

"एकदा तोटीतून गेलेला माल टाकीत परत घालायचा नाही. तुझी आई कुणाला घालूच द्यायची नाही."

"का?"

"म्हणायची, हा दमलेला असतो, तार धरत नाही. साहेब हसायचे. एकदा ती सुट्टीवर असताना त्यांनी उरलेला सगळा माल टाकीत ओतायला लावला. महिनाभर बाटल्या परत येत होत्या. गोंद कसला, नुसतं ओघळवणी! तेव्हापासून टाकीचं झाकण तिला विचारल्याशिवाय कुणी उघडलं नाही. साहेबांनीसुद्धा."

बोलता बोलता त्याने बाटलीत बोट बुडवलं.

"बाबा, हातमोजे!"

"गप गं." त्याने बोट अंगठ्याला लावून अलगद दूर केलं. तार धरली न धरली तोच तुटली. "न वापरलेलं आहे का?"

लेकीने थंड पेटीतून एक बाटली काढली. या बाटलीतल्या थेंबाची तार वीतभर लांब झाली तरी लोंबत राहिली.

लेक बघतच राहिली. "अरुंदातून जाताना साखळ्या तुटतायत. दर फेरीला थोड्या थोड्या. आणि मी चार दिवस तेच तेच फिरवतेय."

ताजी बाटली एकच होती, जेमतेम एका फेरीपुरती. नवीन विरघळवायला दोन दिवस लागत. म्हणजे आज करून बघितलं, तर उद्या दाखवायला काही उरणार नव्हतं.

"न बघताच दाखवू?"

"तार बघितलीस ना? तुझी आई तेवढंच बघून टाकी सोडायची."

दुसऱ्या दिवशी दहाला परीक्षक आले. बाप मागच्या भिंतीला टेकून उभा होता. पंप सुरू झाला. बराच वेळ पडद्यावर नुसत्या सरळ रेषा. मॅडमनी घड्याळ बघितलं. मग कोपऱ्यात काहीतरी वळलं, फुगलं, आणि दोन्ही बाजूंना अंगठ्याएवढे भोवरे गरगरू लागले.

"छान. पुन्हा दाखवा," परीक्षक म्हणाले.

बापाने रिकाम्या झालेल्या बाटलीकडे बघितलं. लेकीचा आवाज मात्र हलला नाही. "दाखवते सर. पण द्रावण हेच आहे, त्यामुळे या वेळी भोवरे लहान येतील. तिसऱ्या फेरीला आणखी लहान. अरुंदातून जाताना दर वेळी थोड्या साखळ्या तुटतात."

आणि तसेच आले. तिसऱ्या फेरीनंतर परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. "हे तर पहिल्यापेक्षा चांगलं आहे. एक नवं प्रकरणच होईल याचं. कुणाच्या लक्षात आलं?"

"माझ्या आईच्या," लेक म्हणाली. "गोंदाच्या कारखान्यात टाकीवर होती. वीस वर्षांपूर्वीच आलं होतं तिच्या लक्षात."

"मग प्रबंधात तसं लिहा. नावानिशी, हुद्द्यानिशी."

सगळे गेल्यावर लेक लिहायला बसली. "बाबा, आईचा हुद्दा काय होता?"

कारखान्याच्या कागदांवर शेवटपर्यंत 'मदतनीस' होतं. बापाने छाती भरून श्वास घेतला.

"टाकीप्रमुख," तो म्हणाला. "लिही. कुणी विचारलं तर माझ्याकडे पाठव."