तिसरा गिअर

व्यंकोबाने वर्षभर मिस्त्र्यांशी हुज्जत घालून वडिलांची विलायती मोटार पुन्हा रस्त्यावर आणली. वरून तीच काळी, गोलमटोल. पोटात मात्र इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही एका नव्या जपानी गाडीतले. जुन्या गिअरबॉक्सवर त्याचा भारी राग. चढ लागला की तिसरा गिअर हटकून सुटायचा, आणि शेजारी बसलेल्या सीतालक्ष्मीला त्याचा दांडा दाबून धरावा लागायचा. नव्या लग्नात, मागे सासू-सासरे बसलेले असताना, हाताला हात लागायला तेवढंच निमित्त असे.

आज पहिल्याच फेरीला दोघं कुंभकोणमातून निघाली. कावेरीच्या पुलाचा चढ आला. व्यंकोबाने तिसरा टाकला, तसा सीतालक्ष्मीचा हात आपसूक दांड्यावर येऊन बसला.

"आता धरायला नको गं," तो फुशारकीने म्हणाला. "याला कुणाचा टेकू लागत नाही."

"बरं झालं," म्हणत तिने हात काढून मांडीवर ठेवला. मग पदराशी चाळा करत ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

गाडी कुरकुर न करता पूल चढली. व्यंकोबाला वाटलं होतं तेवढा काही आनंद झाला नाही. परतताना पुन्हा तोच चढ आला, तेव्हा तो तिच्याकडे वळून म्हणाला, "जरा धर बघू. सुटतोय वाटतं."

"खोटं बोलायचं ते निदान समोर बघून बोला," सीतालक्ष्मी म्हणाली आणि तिने दांडा घट्ट धरला.