चवीची वही

“दिव्यश्री, जीभ दाखव.”

पोरीनं जीभ दाखवली. अनुसूयानं तिच्या कपाळाला हात लावला. ताप नाही, जीभ स्वच्छ. डोळे मात्र सुजलेले. खोलीतल्या टेबलावर आजाऱ्यांचा डबा होता, मऊ भात आणि ताक. आज डब्याचा पाचवा दिवस.

“पोटात दुखतंय, मावशी.”

“पोटात, का आणखी कुठं?”

बेंगळूरबाहेर देवनहळ्ळीजवळच्या एका विद्यापीठात मुलींच्या वसतिगृहाचं भोजनगृह अनुसूया एकतीस वर्षं सांभाळत होती. पोरींची नावं ती विसरायची. पण कोण वांगं टाकायची आणि कोण दोनदा भात घ्यायची, हे तिच्या कायम लक्षात राहायचं. पहिल्या वर्षाच्या या निपाणीच्या पोरीबद्दल मात्र तिला काहीच आठवत नव्हतं. कारण ती खाली जेवायला बसलीच नव्हती.

“सगळी टेबलं ठरल्यात, मावशी,” दिव्यश्री शेवटी म्हणाली. “पयल्या दिवशी एका बाकावर बसले, तर म्हणाल्या, ‘इधर कोई आनेवाला है.’ कोणीच आलं न्हाई. मी ताट घेऊन उभीच.”

सलग पाच दिवस डबा गेला की घरी कळवायचं, असा नियम होता. वॉर्डनबाईंनी सकाळीच फोन केला होता आणि दिव्यश्रीचे वडील, कल्लाप्पा गवंडी, उद्या तिला न्यायला येणार होते. चार दिवस विश्रांतीला, असं ते म्हणाले होते. हे चार दिवस अनुसूयाला चांगले ठाऊक होते. मागे कावेरी नावाची एक मुलगी अशीच पहिल्या सहामाहीत घरी गेली. तिची गादी माळ्यावर तीन वर्षं तिची वाट बघत पडली. शेवटी अनुसूयानंच ती पिंजून घेऊन दुसरीला दिली.

“घरी जायचंय तुला?”

“न्हाई. शिकायचंय. पण खाली जेवायला नको.”

“जेवायला येऊच नको. कामाला ये. पाऊण वाजता.”

वाढण्याआधी एका विद्यार्थिनीनं सगळं चाखायचं, वहीत सही करायची आणि मगच वाढायला सुरुवात करायची, ही इथली जुनी पद्धत. प्रत्यक्षात पोरी सोमवारीच आठवड्याच्या सह्या ठोकून मोकळ्या व्हायच्या. त्या दुपारी अनुसूयानं कोरं पान काढलं आणि सांबाराची वाटी दिव्यश्रीच्या हातात दिली. आचारी देवाप्पा कौतुकानं बघत उभा राहिला.

दिव्यश्रीनं चाखलं. पुन्हा चाखलं. पेन उचललं आणि खाली ठेवलं.

“काय झालं?”

“गोड हाय.”

देवाप्पाचं हसू मावळलं. “गोड? अगं ए, बेंगळूरचं सांबार हाय हे! तुझ्या निपाणीची आमटी न्हवं!”

“म्हणून खोटी सही करू व्हय, अण्णा?”

बाहेर दीडशे मुली रांगेत होत्या. ताटं वाजायला लागली. अनुसूयानं रांगेकडे पाहिलं. पोरीला माणसांत आणायला गेले आणि सगळ्या हॉलला तिच्यावर उठवलं! ‘कर गं सही’ म्हटलं असतं, तर पोरीनं केलीही असती. अनुसूयानं म्हटलं नाही.

“सही न्हाई तर वाढणं न्हाई, देवाप्पा. नियम हाय.”

“सरी, सरी! बरं बाई!” देवाप्पानं चिंचेचा कोळ ओतला, लाल मिरचीची चरचरीत फोडणी दिली आणि पळी आपटली. “चाख आता, महाराणी!”

तिनं चाखलं. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. “अजून स्वल्प मीठ,” ती अर्ध्या कानडीत कशीबशी म्हणाली.

सगळं स्वयंपाकघर हसलं. देवाप्पाही.

सही होते न होते तोच रांगेतून पुण्याची सुखदा डोकावली. “सांबार कोणी अडवलं? हिनं? अगं, दोन वर्षं मी सांबाराच्या नावानं हे गोड पायसम भातावर ओतून खातेय! चल, आमच्या टेबलवर ये. ए, सरका गं!”

दुसऱ्या दिवशी दीड वाजता कल्लाप्पा आले. हातात रिकामी पिशवी, नखांत सिमेंट. अनुसूयानं त्यांना हॉलच्या दारापर्यंत नेलं. दिव्यश्री बाकावर मधोमध बसली होती. दोन्ही बाजूंना मुली दाटीवाटीनं टेकलेल्या, आणि ती हातवारे करून मराठी, कन्नड, हिंदी सगळं एकत्र करून काहीतरी सांगत होती.

“हाक मारते तिला.”

“नको, बाई. जेवू द्या.”

“मग तुमी तरी बसा.”

ते दाराजवळच्या टेबलावर, लेकीकडे पाठ करून बसले. सांबार दोनदा घेतलं. जेवण झाल्यावर अनुसूया नको नको म्हणत असताना त्यांनी नळावर आपलं ताट विसळलं, खांद्यावरच्या टॉवेलनं पुसलं आणि चळतीवर पालथं ठेवलं.

“रातच्या गाडीनं जातो माघारी,” ते म्हणाले. “एकटाच.”

आत अजून हसण्याचा आवाज चालू होता. कल्लाप्पा व्हरांड्यात गेले आणि तिचं जेवण होईपर्यंत खांबाच्या पलीकडे, आतून दिसणार नाही असे, उभे राहिले.