विहिरीजवळची खोली

२००३ सालचा पौष. मखमलाबादच्या मळ्यात वाल्मीक आणि त्याचा लेक संतोष उजाडताच गुलाब तोडायला लागले होते. वाल्मीकची बायको सरुबाई भाकरीचं ताट घेऊन विहिरीजवळच्या खोलीकडे निघाली. दसऱ्यापासून तिची लेक चंद्रकला तिथंच राहत होती. कुणी विचारलंच तर सरुबाई सांगायची, "वैशाखात लग्न हाय तिचं. निवांत भरतकाम करत बसती."

खरं कारण खोकला होता. श्रावणापासून तो हटत नव्हता आणि पोरीचं अंग झडत चाललं होतं. गावातल्या डॉक्टरनं बेडका तपासायची चिठ्ठी दिली, ती सरुबाईनं चुलीत घातली. तिच्या चुलत बहिणीला क्षय झाला तेव्हा सासरच्यांनी तिला गोठ्यात टाकलं होतं, आणि ती तिथंच गेली. आपल्या पोरीवर ती पाळी यायला नको, म्हणून सरुबाई खोकल्याचं बाटलीतलं औषध पाजत राहिली. आपणही पोरीला खोलीत टाकलीच आहे, हे तिच्या मनात आलं नाही.

चंद्रकलेला सोबत भुऱ्या कुत्र्याची. तो तिच्याच गोधडीवर निजायचा, तिच्या ताटातली उरलेली भाकरी खायचा. संतोषची चार वर्षांची सृष्टीही दिवसभर आत्याच्या खोलीत त्याच्याशी खेळायची.

"आये, सृष्टीला इकडं नको पाठवू," चंद्रकला एकदा म्हणाली.

"गप. उलट लोकांना शंका येईल."

त्याच महिन्यात भुऱ्या खोकायला लागला. घशात हाडूक अडकलं असेल असं आधी वाटलं. पण कुत्र्यानं खाणं सोडलं, बरगड्या मोजता येऊ लागल्या. गाय तपासायला आलेल्या डॉक्टर गायधनींनी त्याला इंजेक्शनं दिली, गुण आला नाही. माघात एका दुपारी भुऱ्या विहिरीच्या सावलीत मरून पडला. गायधनींना हा आजार वेगळाच वाटत होता. त्यांनी कुत्र्याचं शव फाडून पाहिलं, फुफ्फुसाचा तुकडा तपासायला पाठवला आणि महिन्याभरानं स्वतः मळ्यात आले.

"मावशी, कुत्र्याला टीबी होता. माणसाला होतो तोच. कुत्र्याला हा बहुतेक घरातल्या माणसाकडूनच लागतो. घरात खोकतं कोण?"

"कुणी नाय, साहेब."

तेवढ्यात विहिरीकडून खोकल्याची उबळ ऐकू आली. बराच वेळ ती थांबेना. गायधनींनी तिकडं पाहिलं, मग सरुबाईकडं.

"गडीमाणूस हाय कुणीतरी," ती म्हणाली.

"सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं. माणूस पुरता बरा होतो. पण घरात लहान मूल आहे, मावशी. वेळ घालवू नका."

सरुबाईनं मान हलवली आणि ते गेल्यावर खोलीचं दार बाहेरून लोटून घेतलं.

पंधरा दिवसांत सृष्टीला ताप भरला. ती चिडचिडी झाली, डोकं दुखतं म्हणून रडू लागली, मग रडेनाशीच झाली. मान ताठ झाली तेव्हा संतोषनं तिला उचलून शहरातल्या दवाखान्यात नेलं. क्षय मेंदूच्या आवरणात शिरला होता. तिथं सरुबाईनं चंद्रकलेचा खोकला आणि गायधनींचं बोलणं संतोषला सांगितलं. सहाव्या दिवशी पोर गेली.

"आत्याकडून लागला की कुत्र्याकडून?" संतोषनं विचारलं.

"ते आता सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण कुत्रा आजारी पडला तेव्हाच घर तपासलं असतं, तर पोर वाचली असती."

त्याच दिवशी सगळ्यांची तपासणी झाली आणि चंद्रकलेच्या गोळ्या सुरू झाल्या.

दुखवट्याला ओझरहून चंद्रकलेचे होणारे सासरे मल्हारी आले. ओसरी बायामाणसांनी भरली होती. "झालं ते वाईट झालं. लग्न पुढं ढकलू," ते म्हणाले.

वाल्मीक मान डोलावत होता. सरुबाई उठून उभी राहिली.

"पाव्हणं, माझ्या चंद्रीला क्षय हाय. मला ठावं होतं, मी दडवला. कुत्र्यावरनं डॉक्टरनं वळखला, तरी मी खोटं बोलले. माझी नात मी घालवली. पोरगी बरी होईल. तवर तिचं लग्न मी करायची नाय. नंतर तुमचं मन झालं तर या, नाय तर राहू द्या."

मल्हारी उठले, पायताण घालून गेले.

मग बाया एकेक करून निघाल्या. शेजारच्या मळ्यातली अक्काबाई तेवढी मागं रेंगाळली. जवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाली, "सरू, त्या गोळ्या कुठं मिळत्यात गं?"

"का?"

अक्काबाईनं मागं वळून कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. "माझी सून... संक्रांतीपासून मागल्या खोलीत हाय."

"पोरं कुठं हायेत तिची?"

"तिच्यापाशीच."

सरुबाईनं डोळे पुसले, पदर खोचला.

"चल," ती म्हणाली. "आत्ताच चल. तिला बाहेर काढू."