निकाल तोच लागणार असेल तर

विद्यापीठाच्या कायदा विभागात तिला सगळे ‘अपील’ म्हणायचे. नाव मुळात घरचं. लहानपणी वडील नाही म्हणाले की ही आईकडे जायची, आई नाही म्हणाली की आत्याकडे, आणि आत्यानं हात टेकले की फिरून वडिलांसमोर हजर. पस्तिशी ओलांडली, खालच्या कोर्टात बरीच वर्षं वकिली झाली, तरी खोड काही गेली नाही. त्यातच बाईनं कायद्याच्या पदव्युत्तर वर्गाला नाव घातलं, आणि प्रबंधाला विषय घेतला ‘म्हणणं मांडण्याचा हक्क’. कुणालाही शिक्षा करण्याआधी त्याचं ऐकून घ्यावं, एवढंच. या एवढ्याशा गोष्टीवर घटनेच्या समतेच्या कलमापासून सुरुवात करून दोन-अडीचशे पानं खरडावी लागतात, कारण मोठमोठ्या लोकांच्या डोक्यात ती अजून शिरलेली नाही.

त्या सकाळी ती विभागाचा जिना चढत होती तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. आणि का जाऊ नये? ऐका.

तिचा धाकटा भाऊ एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होता. तिथलं रक्त तपासायचं मशीन बंद पडलं, ठपका याच्यावर आला, आणि हातात एक कागद ठेवून त्याला घरी पाठवलं. ना नोटीस, ना चौकशी. ‘बाबा रे, तुझं काय म्हणणं आहे?’ एवढं विचारायला कुणाची जीभ झडली असती का? पण नाही. लवादाकडे दाद मागितली, तर लवादानं एका वाक्यात बोळवण केली. “निकाल तोच लागणार असेल, तर म्हणणं ऐकून घेतलंच पाहिजे असं नाही, असं वरिष्ठ न्यायालयाचं मत आहे.” खाली आधार कशाचा, तर सरांच्या पुस्तकाचा.

सर म्हणजे विभागप्रमुख, आणि अपीलचे मार्गदर्शक. शहरातल्या कोर्टांत उभा राहणारा आणि खुर्चीवर बसणारा जवळजवळ प्रत्येक जण त्यांच्या हाताखालून गेलेला. त्यांच्या पुस्तकाला सगळे ‘लाल’ म्हणत, कव्हरच्या रंगावरून. लाल उघडायचं, वाक्य उचलायचं, चिकटवायचं. मूळ निकाल उघडून बघायचे कष्ट घेतो कोण? अपीलनं घेतले. भावाचा घास काढून घेणारं वाक्य नक्की कुणाच्या तोंडचं आहे ते तिला बघायचं होतं.

निकालपत्र कसं लिहितात ते ज्यांना माहीत नाही त्यांना सांगायला हवं. न्यायाधीश आधी एका बाजूचं म्हणणं मांडतात, मग दुसऱ्या बाजूचं, आणि शेवटी स्वतःचं. वकील तोंडाळ असला की त्याचंच म्हणणं पानंच्या पानं चालतं, आणि घाईघाईत मधलं पान उघडणाऱ्याला वाटतं, न्यायाधीशच बोलताहेत. पहिल्या वर्षाच्या पोरानं हा घोटाळा केला तर त्याला वर्गात उभं करतात. सरांनी तोच केला होता. ते वाक्य सरकारी वकिलाचं होतं. ‘सरकारतर्फे असा युक्तिवाद करण्यात आला की’ हे शब्द चार पानं आधी येऊन गेले होते, आणि पुढच्याच पानावर न्यायालयानं तो युक्तिवाद सालटी निघेपर्यंत सोलून काढला होता. हरलेल्या वकिलाची बडबड सरांनी कायदा म्हणून छापली, आवृत्तीमागून आवृत्ती छापली, आणि सगळं शहर मान डोलावत तिची री ओढत राहिलं.

हे सगळं अपीलनं प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात लिहिलं. आणि नेमक्या तिसऱ्याच प्रकरणात. मुलं त्या प्रकरणाला टोलनाका म्हणत. विभागातल्या प्रत्येक प्रबंधात तिथं लालमधला एक लांबलचक उतारा यायचा, त्याशिवाय सरांची सही व्हायची नाही आणि सहीशिवाय प्रबंध पुढे सरकायचा नाही. नियम कुठंही लिहिलेला नव्हता, म्हणूनच तो कुणी मोडत नव्हतं.

प्रबंध द्यायचा तो शेवटचा दिवस होता. सरांनी तिचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि चष्मा कपाळावर चढवला.

“काम चांगलं आहे,” ते म्हणाले. “तिसऱ्यातली तेवढी पानं काढ. तिथं पुस्तकातला उतारा घाल. संध्याकाळपर्यंत आण, मी सही करतो.”

“सर, त्या उताऱ्यातलं वाक्य न्यायालयाचं नाहीये.”

“मी ते वाक्य शिकवतोय तेव्हा तू शाळेत होतीस.”

“म्हणूनच म्हणते. मूळ निकाल आणलाय. खूण घातलीय, दोनच पानं आहेत.” तिनं तो त्यांच्यापुढे सरकवला.

सरांनी खुणेचं पान उघडलं, वाक्यावर बोट ठेवलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. “हे काय, आहे की. शब्दाला शब्द.”

“आता पान उलटा.”

“बाई, मला वर्ग आहे.”

“एक पान, सर.”

“उलटून काय होणार आहे? तू काय म्हणणार ते मला कळलंय, आणि माझं मत बदलणार नाही. मग ऐकत बसण्यात काय अर्थ आहे?”

आपण आत्ता काय बोललो हे या माणसाच्या गावीही नव्हतं. ते शांतपणे पेनाचं टोपण लावत होते. आयुष्यभर ज्यांनी पोरांना ‘दुसरी बाजू ऐका’ शिकवलं, त्यावर पुस्तक लिहिलं, पुस्तकावर शाली घेतल्या, त्यांना एक पान उलटायला जड जात होतं. शिवी ओठांपर्यंत आली होती, ती तिनं गिळली, कारण शिवी दिली असती तर पुढे सगळी चर्चा शिवीचीच झाली असती.

“सर, हे तुमच्या पुस्तकातलंच वाक्य बोललात तुम्ही,” ती म्हणाली. “एवढं खरं की ते तुमचं आहे. न्यायालयाचं नाही.”

बाहेर व्हरांड्यात तिची वर्गमैत्रीण उभी होती. कुठलंही बोलणं ‘अर्थात, याला अपवाद आहे’ असं म्हणून संपवायची, म्हणून तिचं नाव पडलं होतं तळटीप.

“घाल तो उतारा आणि मोकळी हो,” तळटीप म्हणाली. “ग्रंथालयात पडलेले प्रबंध वाचतो कोण? अर्थात, उंदीर सोडून.”

“इस्पितळाचा वकील वाचतो. तो पण सरांचाच विद्यार्थी. पुढच्या आठवड्यात भावाचं अपील आहे, मीच उभी राहणार. मी तिथं हे वाक्य खोटं म्हणून ओरडायचं, आणि त्यानं माझाच प्रबंध काढून म्हणायचं, बाईंनी स्वतः लिहिलंय बघा. मग काय करू?”

“मग वर्ष गेलं तुझं.”

“गेलं तर गेलं. भावाची नोकरी माझ्या सहीनं जायला नको.”

तळटीपनं यावर अपवाद सांगितला नाही. अपीलनं बिनसहीचा गठ्ठा काखोटीला मारला आणि ती चालत घरी निघाली. बसमध्ये बसवलंच नसतं तिला.

घरी पोचेपर्यंत राग थंड व्हावा ना, तर नाही. चपला एक इकडे एक तिकडे. गठ्ठा जेवणाच्या टेबलावर आदळला. भाऊ खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत बसला होता. नोकरी गेल्यापासून घरातली असली कामं त्यानं न बोलता स्वतःकडे घेतली होती. त्याची बायको भाजी निवडत होती.

“एक पान,” अपील म्हणाली. “एक पान उलटायचं होतं त्या माणसाला. खुर्ची मिळाली की यांचे कान गळून पडतात. लवाद तसाच, इस्पितळ तसंच, हे तसेच. कुणाला विचारायचंच नाही. सगळं आधीच ठरलेलं.”

“ताई,” भाऊ म्हणाला, “एक सांगायचं होतं.”

“थांब, माझं होऊ दे. आणि वर मला म्हणतात, तू काय म्हणणार ते मला कळलंय. कळलंय म्हणे.”

“ताई, अपिलात तू जे लिहिलंयस ना...”

“त्याची तू काळजी करू नकोस. अपील मी बघते. तुला त्यातलं कळत नाही.”

वहिनीनं भाजीचं ताट बाजूला सरकवलं. या घरात आल्यापासून तिनं नणंदेसमोर आवाज चढवला नव्हता, आणि आत्ताही चढवला नाही. “ताई, काय घडलं ते तुम्ही अपिलात कशावरून लिहिलंत?”

“म्हणजे? लवादाच्या आदेशावरून. त्यात सगळा तपशील आहे.”

“आणि लवादानं?”

“इस्पितळाच्या कागदावरून.”

“यांना कुणी विचारलं?”

अपीलनं भावाकडे वळून बघितलं.

भावानं हातातला शर्ट मांडीवर ठेवला. “तू लिहिलंयस, मशीन आपोआप बिघडलं, अर्जदाराचा काही संबंध नाही. मशीन बिघडलं नव्हतं, ताई. मीच बंद केलं.”

“तू?”

“आकडे चुकत होते. साखर नसलेल्या माणसाला साखर दाखवत होतं. त्या आकड्यांवरून वर वॉर्डात लोकांना औषधं चालली होती. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले नवीन येईपर्यंत चालू दे. मी पुन्हा सांगितलं. मग एका सकाळी वायर काढली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. म्हटलं, आता तरी विचारायला येतील. कुणी आलंच नाही. कागदच आला.”

“अरे, मग हे मला का नाही सांगितलंस?”

“पहिल्या दिवशीच सांगायला लागलो होतो. तू म्हणालीस, तपशील राहू दे, मुद्दा कायद्याचा आहे.” तो शर्टाच्या बटणाशी चाळा करत होता. “नंतर वाटलं, बंद तर मीच केलंय. सांगून तरी काय, निकाल तोच लागणार.”

तेच वाक्य. तेही तिच्याच घरात, तिच्याच भावाच्या तोंडी. अपीलला वाटलं, कुणीतरी फाडकन थोबाडीत मारावी. निकाल तोच लागला नसता. या माणसाला एकदा, फक्त एकदा कुणी विचारलं असतं तर सगळा निकालच उलटा झाला असता. आणि न विचारणाऱ्यांच्या रांगेत सर होते, लवाद होता, इस्पितळ होतं, आणि त्या सगळ्यांच्या पुढे प्रबंधाचा गठ्ठा काखेत धरून ती स्वतः उभी होती. सरांनी निकालपत्राचं एक पान उलटलं नाही. हिनं सख्ख्या भावाचं उलटलं नव्हतं, आणि तो रोज समोर बसून हिच्या साड्यांच्या घड्या घालत होता.

“गाढव आहे मी,” ती म्हणाली.

“असू दे, ताई.”

“असू दे नाही. तू पण चीड जरा. इतके दिवस गप्प कसा बसलास, मला दोन शिव्या हासडायच्या होत्यास.”

“तुम्ही बोलू द्याल तर ना,” वहिनी म्हणाली.

अपीलनं अपिलाची प्रत काढली, त्यातला ‘घडलेली हकिकत’ हा भाग सरळ फाडला आणि कोरे कागद पुढे ओढले. कोर्टात आता दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागणार होता, तिथं आधी खोटं का लिहिलं म्हणून तिचीच सालटी निघणार होती, आणि ती निघायलाच हवी होती. सरांचा राग तसाच होता, त्यात तसूभर फरक पडला नव्हता. पण तो आता एकट्या सरांवर काढून भागणार नव्हतं.

“सांग,” ती म्हणाली. “पहिल्यापासून. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही.”

भावानं घसा साफ केला. “त्या दिवशी मी सकाळच्या पाळीला होतो...”

“तारीख?” अपीलनं विचारलं.

वहिनीनं नुसतं तिच्याकडे बघितलं. अपीलनं मान खाली घातली, आणि भाऊ पुढे सांगू लागला.