पोटातला कॅमेरा

माणसाच्या अंतरंगाचा ठाव आजवर कोणालाच लागला नव्हता. आता गोळीएवढा कॅमेरा गिळला की लागतो. जन्मभर मुलांना संयम शिकवलेल्या मुख्याध्यापकांनी तो गिळला आणि आपलं आतलं चित्र पडद्यावर बघायला बायकोला न् मेहुण्याला हौसेने बोलावलं.

"रात्रीपासून उपाशी आहात ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"म्हणजे काय! पाण्याचा घोटसुद्धा नाही."

पडद्यावर शेंगदाणे तरंगत आले.

"भाऊजी, घाईत नीट चावले नाहीत वाटतं," मेहुणा म्हणाला.

"जुने असतील हो!"

"जुने? दाण्यांचा डबा मी काल संध्याकाळी भरला," बायको म्हणाली, "आणि सकाळी तो अर्धा दिसला तेव्हा तुम्हीच म्हणालात, घरात उंदीर झालेत."

मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले, पण कॅमेरा चालूच होता.

तपासणी पुन्हा मंगळवारी ठरली.